उघडे, बंद आणि 'सांगता येत नाही'

ॲमीटरचा काटा शून्यावर आहे. परिपथात विद्युतप्रवाह नाही, की ॲमीटरचीच तार सुटली आहे? प्रयोगशाळेत हा प्रश्न केव्हा ना केव्हा येतोच, आणि जाणता शिक्षक विद्यार्थ्याला वहीत शून्य लिहू देण्याआधी तार हलवून पाहायला सांगतो. संगणकांच्या जाळ्याची टेहळणी करणाऱ्या साधनांचे परीक्षण करताना आम्हांला हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो. साधन जेव्हा 'येथे काही नाही' असे सांगते, तेव्हा ते पाहून सांगते, की दिसले नाही म्हणून सांगते?

या साधनांची तुलना सहसा वेगावरून केली जाते. अमुक साधनाला दिवस लागतो, तमुक तेच काम तासात करते, म्हणून तमुक श्रेष्ठ. सायकल आणि तराजू यांची तुलना वेगावरून करावी तसा हा प्रकार आहे. येथे आम्ही तीन-चार मुक्तस्रोत साधने, म्हणजे ज्यांची मूळ संहिता कोणालाही वाचता येते अशी साधने, दुसऱ्याच कसोटीवर घासून पाहणार आहोत.

पण शिक्षकांनी या भानगडीत पडावेच का? एखाद्या माध्यमिक शाळेत आज संगणक-कक्षातले वीसएक संगणक, कार्यालयातला प्रिंटर, बोटाचा ठसा घेणारे हजेरीयंत्र आणि सीसीटीव्हीचे चित्रण साठवणारी पेटी अशी सगळी मंडळी एकाच राउटरला जोडलेली असू शकतात. जोडणारा तंत्रज्ञ काम संपवून निघून जातो. पुढची देखभाल 'ज्यांना संगणकातले कळते' अशा एखाद्या शिक्षकाच्या गळ्यात पडते. चित्रणपेटीचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच राहतो. याचा परिणाम काय होतो ते २०१२ साली दिसले. एका अज्ञात व्यक्तीने पासवर्ड नसलेल्या किंवा कारखान्यातलाच पासवर्ड असलेल्या सुमारे ४ लाख २० हजार उपकरणांत शिरून, त्यांच्याच करवी साऱ्या इंटरनेटची शिरगणती केली आणि २०१३ साली ती प्रसिद्धही केली. उपकरणांच्या मालकांना याचा पत्ताही नव्हता. शिरगणतीवरच भागले असते तर बरे होते. २०१६ साली 'मिराई' नावाच्या उपद्रवी प्रोग्रॅमने साठएक सर्वपरिचित पासवर्डांची यादी घेऊन अशीच कॅमेऱ्यांसारखी उपकरणे ताब्यात घेतली, आणि त्यांच्या फौजेने मोठमोठ्या संकेतस्थळांची वाट अडवली. तेव्हा आपल्या जाळ्यात कोण कोण बसले आहे आणि त्यांपैकी कोणाची कोणती खिडकी उघडी आहे, हे जाणून घेणे शाळेला परके नाही.

खिडकी हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. पोस्टात जशा मनीऑर्डरची, रजिस्टरची, बचत खात्याची अशा वेगळ्या खिडक्या असत, तसे प्रत्येक संगणकाला ० ते ६५,५३५ असे क्रमांक असलेले पोर्ट असतात. ८० क्रमांकावर वेबपाने, २२ वर दूरस्थ प्रवेश, असे काही क्रमांक रूढ झाले आहेत. टीसीपी या संभाषण-नियमानुसार (तो १९८१ साली लेखी स्वरूपात पक्का झाला) बोलणे सुरू करणारा संगणक आधी 'बोलू का?' अशा अर्थाचे एक पॅकेट पाठवतो. त्या पोर्टवर कोणी बसलेले असेल तर 'बोला' असे उत्तर येते. कोणी नसेल तर 'येथे कोणी नाही' असे स्पष्ट नकाराचे उत्तर येते. म्हणजे खिडकी बंद असली तरी तसे सांगणारी पाटी लावलेली असते. आणि तिसरी शक्यता अशी, की काहीच उत्तर येत नाही.

सगळी गंमत, आणि सगळी फसगत, या तिसऱ्या शक्यतेत आहे. उत्तर का आले नाही? मधल्या संरक्षक भिंतीने, म्हणजे फायरवॉलने, पॅकेट गुपचूप टाकून दिले असेल. पॅकेट वाटेत हरवले असेल. पलीकडचा संगणक बंद असेल. किंवा आपण इतक्या घाईने विचारले असेल, की मधला स्वस्तातला राउटरच गुदमरला असेल. चारही कारणांचे बाह्य लक्षण एकच : शांतता. या शांततेची नोंद साधन कशी करते, ही आमची कसोटी.

या कसोटीला सर्वांत चांगले उतरते ते 'एनमॅप'. गॉर्डन लायन यांनी 'फ्योडोर' या टोपणनावाने १९९७ च्या सप्टेंबरात ते 'फ्रॅक' या नियतकालिकातल्या एका लेखासोबत प्रसिद्ध केले. पुढची आवृत्ती काढायचा विचारच नसल्याने तेव्हा त्याला आवृत्ती-क्रमांकही दिला नव्हता. एनमॅप पोर्टच्या दोन नव्हे, सहा अवस्था मानते. उघडे आणि बंद या दोन तर आहेतच. शांतता पसरली तर ते 'बंद' म्हणत नाही, 'गाळलेले' म्हणते. म्हणजे मध्ये काही तरी आहे आणि पलीकडचे आपल्याला कळलेले नाही. शिवाय 'उघडे किंवा गाळलेले' अशी एक कबुलीवजा अवस्थाही आहे. या दोहोंत फरक करता येत नाही, असे ते सरळ सांगते. 'रीझन' हा पर्याय दिला, तर प्रत्येक निष्कर्षापुढे तो कोणत्या उत्तरावरून काढला तेही छापले जाते. प्रयोगवहीत निरीक्षण आणि अनुमान हे दोन रकाने वेगळे ठेवा, असे आपण वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. येथे ते पाळलेले दिसते.

दोन संगणक आणि एक जोडणी एवढ्यावर हे विद्यार्थ्यांना दाखवता येते. एका संगणकावर पायथॉनमध्ये आयताच मिळणारा छोटा वेब-सर्व्हर ८००० क्रमांकावर सुरू करावा. ८००१ क्रमांकावर काहीच ठेवू नये, पण फायरवॉलने त्याला मोकळे सोडावे. ८००२ क्रमांकावर येणारी पॅकेटे फायरवॉलला गुपचूप टाकून द्यायला सांगावे. दुसऱ्या संगणकावरून एनमॅप हे तीन पोर्ट तपासील तेव्हा काय छापील, याचा अंदाज मुलांनी आधी वहीत लिहावा. पहिल्या दोघांची उत्तरे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच येतात. तिसऱ्याला थोडा अधिक वेळ लागतो, कारण पहिले पॅकेट हरवलेही असेल असे समजून एनमॅप पुन्हा विचारते आणि मगच 'गाळलेले' असा शेरा मारते. शेजारी 'वायरशार्क' चालू ठेवले तर ही दुसरी विचारणा प्रत्यक्ष पाहता येते. (वायरशार्कचे मूळ नाव 'इथिरियल'. १९९८ सालचे हे साधन नावाच्या मालकीच्या प्रश्नामुळे २००६ साली नवे नाव घेऊन आले.) वायरशार्क स्वतः काही विचारत नाही, फक्त ऐकते. एक विचारणारे आणि एक ऐकणारे अशी साधनांची जोडी असली, की साधनाच्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज उरत नाही. आमच्या मते शाळेसाठी ही जोडी पुरेशी आहे.

आता एनमॅपचे दोष. पहिला दोष अहवालाच्या मांडणीचा. प्रत्येक पोर्टपुढे सेवेचे नाव छापलेले असते, आणि नवखा वाचक ते निरीक्षण समजतो. विशेष आज्ञा दिली नसेल तर ते नाव निव्वळ तक्त्यातून उचललेले असते. २२ क्रमांकावर आपण वेब-सर्व्हर बसवला तरी तेथे दूरस्थ प्रवेशाच्या सेवेचेच नाव छापून येते. अवस्थांच्या बाबतीत इतक्या काटेकोर असलेल्या साधनाने निरीक्षण आणि तक्ता एकाच ओळीत, एकाच टायपात छापावेत, हे आम्हांला खटकते. दुसरे असे, की वेगळे काही सांगितले नाही तर ते ६५,५३६ पैकी सर्वाधिक वापरातले १,००० टीसीपी पोर्टच तपासते. उरलेल्या ६४,५३६ बद्दल अहवाल मौन पाळतो, आणि घाईचा वाचक त्या मौनाचा अर्थ 'बंद' असा लावतो.

यूडीपी या दुसऱ्या प्रकारच्या संभाषणात तर शांतता हीच रीत आहे. तेथे उघडे पोर्टही पुष्कळदा उत्तर देत नाही, आणि बंद पोर्टचा नकार लिनक्ससारख्या प्रणाली सेकंदाला एक इतक्या कंजूषपणे पाठवू शकतात. ६५,५३६ नकारांना ६५,५३६ सेकंद, म्हणजे अठरा तासांहून अधिक. हा हिशेब वर्गात करण्याजोगा आहे. येथे साधन संथ आहे अशी तक्रार करणे म्हणजे थर्मामीटर काखेत तीन मिनिटे का ठेवायचा, अशी तक्रार करण्यासारखे आहे.

एनमॅपच्या संहितेतली एक बारीकशी तजवीज आम्हांला फार आवडते. पोर्टवर नेमके कोण बसले आहे हे ओळखण्यासाठी ते वेगवेगळे मजकूर पाठवून पाहते. पण ९१०० ते ९१०७ हे क्रमांक त्यातून आपणहून वगळते. कारण पुष्कळसे प्रिंटर तेथे जे येईल ते निमूटपणे छापू लागतात. तपासणी एकाची आणि कागदाचे रीम दुसऱ्याचे, असा प्रसंग कोणावर तरी आल्याशिवाय ही ओळ लिहिली गेली नसावी. मुक्तस्रोताचा फायदा नेमका येथे आहे : ही ओळ तेथे आहे हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही, ती उघडून वाचता येते. २००३ सालच्या 'द मेट्रिक्स रीलोडेड' या चित्रपटात पडद्यावर खरेखुरे एनमॅप चालताना दिसते, त्याचे कौतुक पुष्कळ झाले. आम्हांला प्रिंटरची ओळ अधिक मोलाची वाटते.

'झेडमॅप' हे सर्वस्वी वेगळ्या जातीचे साधन आहे. मिशिगन विद्यापीठातील दुरुमेरिच, वुस्ट्रो आणि हाल्डरमन यांनी ते २०१३ साली मांडले. एका साध्या संगणकावरून, एक गिगाबिटच्या जोडणीवर, आयपीच्या चौथ्या आवृत्तीतले सारे सार्वजनिक पत्ते पाऊण तासाच्या आत विचारून होतात, हा त्यांचा दावा गाजला. पत्ते आहेत २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६. ते ओळीने विचारले तर एकेका संस्थेच्या जाळ्यावर पॅकेटांचा मारा होईल, म्हणून उलटसुलट क्रमाने विचारायचे. पण मग कोणाला विचारून झाले याची चार अब्जांहून मोठी यादी कोठे ठेवायची?

त्यांनी यादी ठेवलीच नाही. ११ ही मूळ संख्या घ्या. १ पासून सुरुवात करून दर वेळी २ ने गुणा आणि ११ ने भागून बाकी लिहा : २, ४, ८, ५, १०, ९, ७, ३, ६, १. एक ते दहा या सर्व संख्या एकदाच आल्या, क्रम विस्कटलेला, आणि लक्षात ठेवायची ती फक्त शेवटची संख्या. (२ ऐवजी ३ ने गुणून पाहा : ३, ९, ५, ४, १. पाचव्या पावलालाच १ येऊन चक्र मिटते आणि पाच संख्या वाटेवरच राहतात. असे का होते, हे दहावीच्या हुशार मुलांना विचारावे.) झेडमॅपने ११ च्या जागी २ चा ३२ वा घात अधिक १५ ही मूळ संख्या घेतली, इतकेच. कोणते उत्तर कोणत्या प्रश्नाचे, हेही ते स्मरणात ठेवत नाही. पाठवलेल्या पॅकेटाच्या क्रमांकातच एक गुप्त खूण गुंफलेली असते, आणि उत्तरात ती परत येते. मुक्तस्रोत साधनाची संहिता वाचून संख्याशास्त्राचा एक तास घेता यावा, हे आम्हांला फार समाधानाचे वाटते.

पण आमची कसोटी? झेडमॅप मुळात प्रत्येक पत्त्याला एकच पॅकेट पाठवते आणि शांततेची विचारपूस करायला परत जात नाही. त्याच्या कर्त्यांनीच मोजून सांगितले आहे, की यामुळे उत्तर देऊ शकणाऱ्यांपैकी सुमारे ९८ टक्केच सापडतात. शिरगणतीला हे चालते. दोन टक्क्यांची घट ज्ञात असली की निष्कर्ष सुधारता येतो. तपासणीला हे चालत नाही. आपल्या शाळेत पन्नास उपकरणे असतील तर दोन टक्के म्हणजे एक उपकरण, आणि ती कारखान्यातला पासवर्ड घेऊन बसलेली चित्रणपेटी असेल तर? दोष साधनाचा नाही. मतदानपूर्व चाचणीचे तंत्र घेऊन कोणी एका घराची मतदारयादी तपासू लागला, तर दोष त्याचा. जगाच्या मोजणीत अशा साधनांनी काय साधते ते २०१२ सालच्या एका अभ्यासात दिसते. झेडमॅपच्या कर्त्यांपैकी तिघांचाही त्यात सहभाग होता. इंटरनेटभरच्या सर्व्हरांच्या सार्वजनिक किल्ल्या गोळा करून त्यांनी दोन-दोन किल्ल्यांचा मसावि काढला. ज्या किल्ल्यांत एक मूळ अवयव सामाईक निघाला त्या उघड्या पडल्या, आणि सुरक्षित वेब-जोडणी देणाऱ्या यंत्रांपैकी अर्धा टक्का यंत्रांच्या खासगी किल्ल्या हाती आल्या. मसावि आपण शाळेतच शिकवतो.

'मास्कॅन'बद्दल थोडक्यात सांगतो. रॉबर्ट ग्रॅहॅम यांचे हे साधनही २०१३ सालचेच. योग्य यंत्रसामग्री असेल तर सेकंदाला एक कोटी पॅकेटे, असा त्याचा लौकिक आहे. आज्ञा एनमॅपसारख्याच ठेवल्याने ते एनमॅपचीच वेगवान आवृत्ती वाटते, आणि निवडणाऱ्याची फसगत येथेच होते. ते कार्यप्रणालीला बाजूला सारून स्वतःचे वेगळे टीसीपी चालवते. त्यामुळे उत्तर आले की कार्यप्रणाली 'हे मी विचारलेच नव्हते' म्हणून मध्येच नकार पाठवून देते आणि पुढचे संभाषण तुटते. वेग मुळात सेकंदाला फक्त १०० पॅकेटे इतका ठेवलेला असतो, ही कर्त्याची समज. तो वाढवण्याचा मोह वापरणाऱ्याचा. शाळेच्या राउटरवर तो वाढवला तर उत्तरे जलद येत नाहीत, कमी येतात. मोजपट्टीने मोजायची वस्तूच वाकवली, असे होते.

टेहळणीच्या पुढची पायरी म्हणजे उणिवा शोधणारी साधने, आणि येथे मुक्तस्रोताचा इतिहास थोडा कडू आहे. १९९८ साली सुरू झालेले 'नेसस' असंख्य लोकांच्या हातभाराने वाढले, आणि २००५ साली त्याच्या तिसऱ्या आवृत्तीची संहिता बंद झाली. जुन्या खुल्या संहितेवरून मग 'ओपनव्हास' उभे राहिले. अशी साधने पुष्कळदा सेवेने सांगितलेल्या आवृत्ती-क्रमांकावरून 'उणीव आहे' असे अनुमान काढतात. पण लिनक्सचे वितरक आवृत्ती-क्रमांक न बदलता दुरुस्ती करून देतात, तेव्हा ती हाकाटी खोटी ठरते. ओपनव्हासची जमेची बाजू अशी, की ते प्रत्येक निष्कर्षापुढे तो किती भरवशाचा आहे याचा टक्का छापते आणि ७० टक्क्यांखालचे निष्कर्ष आधी दाखवतच नाही. आमच्या कसोटीला हे उत्तम उतरते. पण ते बोजड आहे, आणि एका शिक्षकाने मोकळ्या तासात सांभाळावे असे नाही.

एनमॅपच्या परवान्याबद्दलही निवडणाऱ्याला माहिती हवी. २०२० सालच्या ७.९० या आवृत्तीपासून त्याला स्वतःचा वेगळा परवाना आहे. तो जुन्या सर्वपरिचित परवान्यावरच बेतलेला आहे, पण त्यात जादा अटी आहेत आणि त्यांवर आक्षेपही घेतले गेले. शाळेला वापरायला, वाचायला, शिकवायला काहीच अडचण नाही. आपल्या विक्रीच्या मालात ते घालू पाहणाऱ्या कंपनीला मात्र वेगळा परवाना विकत घ्यावा लागतो. काटेकोर अर्थाने त्याला मुक्तस्रोत म्हणावे का, याबद्दल जाणकारांत एकमत नाही. संहिता वाचता येते एवढे आम्हांला पुरते.

आणि अशी हत्यारे खुली ठेवावीत का? हा वाद १९९५ सालचा आहे. डॅन फार्मर आणि व्हिट्से व्हेनेमा यांनी 'सेटन' हे साधन खुले केले तेव्हा चोरांना किल्ल्या वाटल्याचा ओरडा झाला. ज्यांना हे सैतानाचे नाव सोसत नव्हते त्यांच्यासाठी कर्त्यांनी त्यात एक छोटा प्रोग्रॅमही ठेवला होता. तो चालवला की 'सेटन'चे 'सॅंटा' होई. वाद आजही नवा निघतो, पण साधनांवाचून चोरांचे काही अडलेले नाही, हे मिराईने दाखवून दिले आहे. अडते ते चित्रणपेटी सांभाळणाऱ्या शिक्षकाचे.

मात्र परवानगीचा प्रश्न खरा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या कलम ४३ मध्ये मालकाच्या किंवा ताबेदाराच्या परवानगीवाचून संगणकात वा जाळ्यात प्रवेश मिळवणे मोडते. तेच अप्रामाणिक हेतूने केले तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. तेव्हा शाळेचे जाळे तपासतानाही मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्यावी, तारीख आणि वेळ नोंदवावी, आणि शाळेबाहेरच्या एकाही पत्त्याला हात लावू नये. बाहेरचा सराव हवाच असेल तर एनमॅपच्या कर्त्यांनी 'स्कॅनमी' नावाचा एक संगणक हलक्या तपासणीसाठी मुद्दाम खुला ठेवला आहे.

वेगाच्या शर्यतीबद्दल एक हिशेब सांगायचा राहिला. आयपीच्या सहाव्या आवृत्तीत एका लहानशा जाळ्याच्या वाट्यालाही सहसा २ चा ६४ वा घात इतके पत्ते येतात. सेकंदाला दहा लाख या वेगाने ते एकेक करून विचारले तर सुमारे ५ लाख ८५ हजार वर्षे लागतील. मास्कॅनचा वेग आणखी दहापट, तरी ५८ हजार वर्षे. म्हणजे तेथे सगळे पत्ते धुंडाळून कोण आहे ते शोधणे हा मार्गच संपतो. काय शोधायचे ते आधी माहीत असावे लागते, आणि शाळेपुरते ते जडवस्तू संग्रह नोंदवहीत लिहिलेले असते. एनमॅपचा अहवाल आणि ती नोंदवही शेजारी ठेवून एकेका उपकरणापुढे खूण करत जावे. नोंदवहीत असलेले पण अहवालात नसलेले उपकरण बहुधा कपाटात बंद पडलेले असते. अहवालात असलेले पण नोंदवहीत नसलेले जे निघेल, तेथून तपासाला सुरुवात करावी.